आयकून राह्यला का?

कानाला हेडफोन लावले की हारूनभाईंना वाटायचं, बाकीचं जग बहिरं झालं. चिखलीच्या एसटी स्टँडसमोर माझा नेट कॅफे होता तेव्हाची गोष्ट. भरदुपारी सगळे नोकरभरतीचे अर्ज भरत मुकाट बसलेले असायचे आणि कोपऱ्यातून एकदम आरोळी यायची, "हाय हाय! मारलं बे, मारलं!" एकदा एका मुलीनं दचकून भलतंच बटण दाबलं आणि तिचा भरत आलेला अर्ज पुसला गेला. ती रडकुंडीला आली. हारूनभाई उठले आणि त्यांनी आपला हेडफोन तिच्या कानाला लावला.

"बेटा, येवढी सनई आयक. मंग रड."

तिनं ऐकली. रडली नाही. अर्ज मात्र मला पुन्हा भरून द्यावा लागला.

चिखलीपासून जीपनं थोडं आत गेलं की हारूनभाईंचं गाव. तिथं त्यांचं बियाण्यांचं दुकान. उंच, वाळकी अंगकाठी, डोक्यावर पांढरी टोपी. दुकानात टेप अखंड चालू. गाण्यात दोन कडव्यांच्या मधलं वाजप सुरू झालं की ते बोट वर करायचे आणि ते संपेस्तोवर ना बियाणं, ना फवारणीचं औषध. पेरणीच्या घाईत लोक कावायचे.

"हारूनभाई, जमिनीचा वापसा निंघून जाईन ना!"

"जाऊ दे. वापसा पुन्हा येईन. असी बासरी पुन्हा नाही येनार."

टेपवरची बासरी उद्याही अशीच येणार, हे त्यांना सांगायच्या भानगडीत कोणी पडत नसे.

ब्लॉग म्हणून काही असतं, हे त्यांना मीच सांगितलं. त्यांनी बराच विचार केला.

"म्हंजे आपलं सोताचं रेडिओ स्टेशन?"

"तसंच समजा."

"आन् कोनीबी आयकू शकते? कुठूनबी? पुन्यातून?"

"अमेरिकेतून ऐकेल."

"अमेरिकेचं राहू द्या."

ब्लॉगचं नाव त्यांनी ठेवलं, 'आयकून राह्यला का?' दर बाजाराच्या दिवशी एक जुनं गाणं शोधायचं, ते तिथं लावायचं आणि खाली एका बोटानं चार ओळी लिहायच्या. एकच गाणं. मी म्हटलं, दोन-तीन टाका की. तर म्हणाले, "पानी जास्त झालं त पीक पिवयं पडते, संजूभाऊ."

त्या चार ओळी वाचण्यासारख्या असायच्या. 'हे गानं जेवल्यावर आयकू नये. झोप लागते आन् शेवटचं कडवं सुटते.' किंवा, 'यातली बाई सारखी जा म्हनून राह्यली, पन एकदाबी मनातून म्हनत नाही.' एका गाण्याखाली नुसतं लिहिलं होतं, 'याच्यावर काही बोलू नये.' आणि मग त्यावर पानभर बोलले होते.

आमचं नेट म्हणजे वखराला जुंपलेला म्हातारा बैल. गाणं मध्येच थांबायचं आणि पडद्यावर चक्र फिरत राहायचं. बाकीचे लोक माझ्या नावानं खडे फोडायचे. हारूनभाई शांत. "गानारा पानी पिऊन राह्यला. पिऊ द्या."

हळूहळू वाचणारे जमले. कोणी दुबईतून, कोणी अकोल्यातून. एका गृहस्थांनी विचारलं, 'या गाण्याचा राग कोणता?' हारूनभाईंनी उत्तर दिलं, 'साहेब, मले राग येतच नाही.' त्यावर पंधरवडाभर कौतुक चाललं होतं. पण माझ्या एक लक्षात आलं. आले की ते आधी प्रतिक्रिया उघडायचे, भराभरा नावं बघायचे आणि चेहरा पडायचा. दहा जणांनी वाहवा केली असली तरी पडायचा.

एकदा मी विचारलंच. "हारूनभाई, गाणी तर नेटवर पडलेलीच आहेत. ज्याला पाहिजे तो शोधून ऐकतो. तुम्ही जीपचे धक्के खात येऊन ती पुन्हा काऊन टाकता?"

"बोरं येचतानी एखांदं गोड निंघालं, त मानूस सोबतच्याले म्हनत नाही का, 'हे खाऊन पाय' म्हनून? एकट्यानं खाल्लं त गोड लागते का?"

उत्तर मला पटलं. पण ते पूर्ण नव्हतं.

उरलेलं उत्तर नेट बंद पडलं त्या दुपारी मिळालं. गिऱ्हाईक निघून गेलेलं, आम्ही दोघं चहा घेत बसलो होतो. हारूनभाई आपणहून बोलायला लागले.

त्यांचा एक दोस्त होता, पुंजाजी. शेजारच्याच आळीतला शेतकरी. दोघं शाळेपासूनचे सोबती. रोज संध्याकाळी पुंजाजी शेतातून परस्पर दुकानात यायचा, पोत्यावर टेकायचा आणि दोघं टेप ऐकायचे. बोलणं फार नाही. एखादी जागा आली की एकमेकांकडं बघायचं, बस.

"कपाशीचं बीटी बियानं नवीन नवीन होतं. पुंजाजी देशीच लावे. मीच त्याच्या मांगं लागलो. म्हनलं, डोये झाकून लाव. त्यानं खरंच डोये झाकून लावलं. पह्यल्या सालात बोंडं अशी लदली, का मले त्यानं मिठी मारली. मंग एका साली पावसानं दगा देल्ला आन् कपाशीवर लाल्या आला. पानं लाल झाली, बोंडं वाढलीच नाही. सारं शिवार उभं वाळलं."

"त्यात तुमचा काय दोष? सगळ्यांचीच गेली ती."

"हाव. पन सगळ्यायले मी डोये झाका नाही म्हनलो." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "भांडला असता त बरं होतं. एक शब्द बोलला नाही. वावर बटईनं दुसऱ्याले देल्लं आन् पोराजवळ पुन्याले गेला. तिथं बिल्डिंगीच्या फाटकावर राखनीले बसते म्हनतात. मी फोन केला, त 'हाव, बरं हाये' म्हनून ठेवून देल्ला. दुसऱ्यांदा करायची हिंमत नाही झाली. काय बोलू? माफी मांगू, त तो 'नाही नाही' म्हनन आन् ठेवून देईन. गान्याचं तसं नाही, संजूभाऊ. गान्याले उत्तर द्या लागत नाही."

ब्लॉगचा पत्ता त्यांनी पुंजाजीच्या नातीपर्यंत पोचवला होता. पुढं काही कळलेलं नव्हतं.

यानंतर पुष्कळ दिवसांनी, बाजाराच्याच दिवशी, हारूनभाईंनी मला हाक मारली. आरोळी नव्हती, म्हणून मी धावत गेलो. पडद्यावर एक ओळ होती. 'आजोबा म्हणतात, या गाण्यातलं दुसरं कडवं कापलेलं आहे. निम्मं गाणं लावू नये.'

हारूनभाई ती ओळ वाचत राहिले. मग उठून बाहेर गेले, रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली उभे राहिले आणि टोपी काढून तोंड पुसून परत आले.

"पुरं गानं शोधा."

आम्ही पुष्कळ शोधलं. नेटवर जिथं तिथं तेच कापलेलं. घरची कॅसेट कधीच तुटून गेलेली.

"नाही मिळत, हारूनभाई."

"मंग मी म्हनतो."

मी माईक लावला. कॅफे भरलेला होता. हारूनभाईंनी डोळे मिटले आणि ते दुसरं कडवं म्हटलं. आवाज चिरका, सूर कुठल्या कुठं. वरच्या जागी पोचता पोचेना, तर ते थांबले, श्वास घेतला आणि पुन्हा चढले. अर्ज भरणाऱ्यांनी हात थांबवले होते. कोणी हसलं नाही.

मी ते त्यांना ऐकवलं. "लय बेसूर हाये बे," ते म्हणाले.

"मग? टाकू का?"

"टाका. त्याले सवय हाये."

पुढच्या बाजाराला ते कोपऱ्यात बसलेले असताना त्यांचा फोन वाजला. नाव बघून ते उभेच राहिले. "हाव, बोल... पाऊस? नाही, अजून कुठला... भाव काई खास नाही... गाय व्याली, कालवड झाली... हाव... हाव." गाण्याचं नाव दोघांनीही काढलं नाही. बियाण्याचंही नाही. बोलणं मात्र चहा निवून त्यावर साय धरेस्तोवर चाललं.

फोन ठेवून हारूनभाई खुर्चीत बसले. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "त्याले खोकला झाला, संजूभाऊ. बोलतानी दम लागून राह्यला. पुन्याची गाडी किती वाजता हाये?"