आबासरांचा सवलतीचा अंक

अन्याय झाला तो भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक आबासर यांच्यावर, आणि झाला तो जुलैतल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, धुळ्यातल्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीत. साक्षीदार मी. मागच्याच नंबरावर उभा होतो.

दिल्लीहून निघणारं एक इंग्रजी बातम्यांचं साप्ताहिक विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना निम्म्या किमतीत मिळतं. अट एकच. फॉर्मवर प्राचार्यांची सही-शिक्का हवा, आणि अंक कॉलेजच्याच पत्त्यावर येणार. आबासरांनी हा अंक नोकरीभर घेतला. पण वाचला असं म्हणता येणार नाही. ते तो तपासतात. लाल पेन, समासात खुणा, शेवटी गुण. मग संपादकांना पोस्टकार्ड: "भूगोल, दहापैकी चार. सातपुड्याला सह्याद्रीची शाखा म्हणणाऱ्याने नकाशा घेऊन माझ्या वर्गात बसावे." अंक मिटताना, सगळं तपासून झालं हे दरवेळी अहिराणीत जाहीर करणार, "बठ्ठं तपासेल शे!" संपादकांचं उत्तर आजवर आलेलं नाही. मी एकदा टोचलं, तर म्हणाले, "अभ्यास करत असतील."

निवृत्त झाल्यावर प्राध्यापकाची सवलत गेली. दुसरा कोणी पूर्ण किंमत भरून मोकळा झाला असता. पेन्शन बरी आहे, थोरला मुलगा जळगावला चांगल्या नोकरीत आहे. पण आबासरांनी काय करावं? एम.ए. मराठीला प्रवेश घेतला! माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. विद्यार्थी झाले की विद्यार्थ्याची सवलत लागू.

आमच्या मराठीच्या बाई एकेकाळच्या त्यांच्याच विद्यार्थिनी. हजेरीला आबासर उठून "हजर, बाई" म्हणाले की बाईही खुर्चीतून उठायच्या.

"बसा ना, सर."

"आधी तुम्ही, बाई."

"असं कसं, सर?"

पहिली दहा मिनिटं यातच जायची. आम्हाला तक्रार नव्हती.

परीक्षेला मात्र ते बसले नाहीत. मी कारण विचारलं तर माझ्याकडे असे बघू लागले, जणू मीच नापास झालोय. "अरे, पास झालो तर बाहेर काढतील ना!"

हेच या वर्षी नडलं. हेडक्लार्कने जुनं रजिस्टर काढलं, आणि प्रवेशाचा अर्ज आणि सवलतीचा फॉर्म दोन्ही खिडकीतून परत सरकवले. "परीक्षेला न बसणारा विद्यार्थी नसतो, सर. आणि प्राध्यापक तुम्ही आता नाही. मग तुमच्या नावापुढे लिहू काय?"

ज्या माणसाने या हेडक्लार्कलाही नकाशा वाचायला शिकवलं, त्याला हा प्रश्न! आबासरांनी कागदांच्या कडा जुळवल्या, पिशवीत ठेवले आणि बाजूला झाले. मागच्याला जागा हवी म्हणून.

माझं डोकं फिरलं. त्याच दुपारी पत्रक लिहिलं. "सवलत हिरावणाऱ्यांनो, उत्तर द्या! आबासरांना अंक सवलतीत, घरपोच मिळालाच पाहिजे!" सायक्लोस्टाइल करून वाटलं. एवढ्यावर थांबलो नाही. एस.टी. पकडून जळगावला गेलो आणि अंकाच्या एजंटाच्या दुकानात ठाण मांडलं. तो मारवाडी माणूस कंटाळून म्हणाला, "भाऊ, तू ऊठ बाबा. देतो तुझ्या सरांना त्याच भावात. घरचा पत्ता लिही."

विजय! दुसऱ्या दिवशी धावतच कॉलेजात आलो. ऑफिससमोरच्या बाकावर आबासर एकटे बसले होते. प्रवेश नाही, अंक नाही, तरी इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. मी पावती पुढे केली. "सर, जिंकलो! आता अंक थेट घरी. तुम्हाला इथवर यायची गरजच नाही!"

पावती त्यांनी हातात घेतली नाही. वर्गात शुद्ध बोलणारा हा माणूस हळूच म्हणाला, "तू मनं येणंच बंद कराले निंघना का रे?"

त्यांचं येणं बंद करायला? मी पावती खिशात घातली.

मग तेच सावरून बोलले. "घरी पोस्टमन अंक दाराच्या फटीतून टाकणार. तुझ्या काकू वारल्यापासून दार उघडायला कारणच नाही. इथं आलं की शिपाई राम राम घालतो. बाई चहाला बोलावतात. तुझ्यासारखं कोणीतरी वाद घालतं. अंक काय, जळगावला मुलाच्या घरीही येतो. त्याने वाचून झालेला मला फुकटही मिळेल."

म्हणजे हेडक्लार्कने अर्धवट सोडलेलं काम मी पत्रक छापून पुरं करत होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

शिल्लक पत्रकांवर 'घरपोच' हा शब्द मी हाताने खोडला आहे, आणि वर लिहिलं आहे: 'कॉलेजच्याच पत्त्यावर'. फॉर्मवर छापलेलं आहे 'प्राध्यापक'. 'नोकरीतला प्राध्यापक' असं कुठेही छापलेलं नाही. प्राचार्यांना सही करायला काहीही आडवं येत नाही.

फॉर्म पाठवायची मुदत शनिवारी संपते. त्यांनी आबासरांच्या फॉर्मवर सही करावी, असं निवेदन ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लावलं आहे. तुम्ही या कॉलेजात शिकला असाल, शिकवत असाल, नुसते समोरच्या रस्त्याने जात असाल, तरी आत या आणि सही करा. प्राध्यापकांनी आधी करावी. आणि सही करून लगेच निघू नका. बाकावर आणखी एका माणसाची जागा आहे. बसा.