तुरीच्या रानातलं गाणं

‘रानजाई’ ऑर्केस्ट्राचं तिकीट वाद्यावर मिळतं, आणि ज्यानं ज्या वाद्याचं तिकीट काढलं त्याला तेवढंच वाद्य ऐकू येतं. बार्शीत याचं कुणाला नवल नाही. दिवाळी सरली की ऑर्केस्ट्रा बाजार समितीच्या मैदानात येतो. ढोलकीवाले एका वेळी माना डोलावतात, बासरीवाले दुसऱ्या वेळी. खंजिरीचं तिकीट स्वस्त, पण खंजिरी तिसऱ्या गाण्यानंतर येते, म्हणून ती माणसं तोवर भाकरी खाऊन घेतात. टाळ्या कधीच एकदम पडत नाहीत.

ऐकलेलं घरी जाऊन जुळवायचं, अशी रीत आहे. नवऱ्यानं ढोलकी धरायची, बायकोनं बासरी गुणगुणायची. सोयरीक करतानाही मुलीचं वाद्य आधी विचारतात. घरचं मात्र घरातच ठेवायचं. आपण काय ऐकलं ते परक्याला सांगणं बरं दिसत नाही. ऑर्केस्ट्राची रेकॉर्डही कधी निघाली नाही.

हेमलता बुरगुटेचं वाद्य अकॉर्डियन होतं आणि तिच्या नवऱ्याचं, दिगंबरचं, गायिकेचा आवाज. दिगंबर भुसार बाजारात तोलार होता. त्याला सुराचं अंग अजिबात नव्हतं. तरी लग्नानंतरच्या पहिल्या कार्यक्रमाहून परतल्यावर त्यानं ओट्यावर बसून शेवटचं गाणं म्हटलं होतं आणि हेमलतानं तोंडानं अकॉर्डियन धरलं होतं. गाण्यातली बाई तुरीच्या रानात उभी असते. दिगंबरनं हेमलताला पहिल्यांदा पाहिलं तेही पांगरीला, तिच्या वडिलांच्या तुरीतच. गाणं नेमकं आपल्यावर यावं याचं हेमलताला फार अप्रूप वाटायचं. पुढं वर्षानुवर्षं ते गाणं त्यांच्या घरात भांडण मिटवायला, ताप उतरेपर्यंत जागायला, आणि बाकी काही सुचेनासं झालं की म्हटलं जायचं.

गेल्या वैशाखात दिगंबर वारला. घरात नुसतं अकॉर्डियन उरलं. हेमलता भांडी घासताना ते गुणगुणायची आणि जिथं शब्द यायचे तिथं थांबून राहायची. शब्द तिला पाठ होते, पण स्वतः म्हणायला जीभ धजायची नाही.

दिवाळीनंतर ती तिकिटाच्या खिडकीवर गेली. खिडकीवर काशीद नावाचे गृहस्थ बसतात. यजमानांचा आवाज मला मिळेल का, असं तिनं विचारलं. काशीदांनी सांगितलं, वारसाला मिळतो, अडचण काही नाही. मात्र अकॉर्डियन सोडावं लागेल.

“दोन्ही ठेवता येत नाही?” तिनं विचारलं.

“दोन्ही कसं जमंल, वहिनी? मग ते गाणंच व्हायला लागंल.”

एकदा सोडलेलं परत मिळतं का, हेही तिनं विचारलं. नाही मिळत, काशीद म्हणाले, आणि मागं रांग असूनही त्यांनी तिला घाई केली नाही. हेमलतानं थोडा वेळ खिडकीची कड धरून ठेवली. मग म्हणाली, “आवाज द्या.”

कार्यक्रमाला ती दिगंबरच्या खुर्चीवर बसली. तिच्या खुर्चीवर कुर्डुवाडीची एक तरुण बाई आली होती, पार्वती नावाची. नवी सून, पहिलाच कार्यक्रम. नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती. स्टेजवर गायिका आली. हेमलतानं इतकी वर्षं तिचे नुसते ओठ हलताना पाहिले होते. आता केस पांढरे झालेल्या त्या बाईच्या तोंडून पहिल्यांदाच आवाज आला, खर्जातला, स्वच्छ. शेजारी अकॉर्डियनवाले इनामदार भाता उघडत होते, मिटत होते. त्यातून काहीच येत नव्हतं. तो भाता कुठं दम घेतो हे हेमलताला नवऱ्याच्या घोरण्याइतकं ठाऊक होतं. तिनं नजर दुसरीकडं वळवली.

शेवटचं गाणं सुरू झालं तेव्हा तिनं डोळे मिटले. गायिका म्हणाली:

“पैल घाटावर उभी मी, हाक कुणाची येईना.”

हेमलताला वाटलं, चुकून दुसरंच गाणं घेतलं. पण ते तेच होतं. चाल तीच होती, दिगंबरनं वाकडी केलेली, इथं सरळ. पुढंही घाटच होता, तिन्हीसांज होती, आणि कुणी न येणं होतं. तुरीचं रान कुठंच नव्हतं. संपूर्ण गाण्यात तूर हा शब्द नव्हता. ती शेवटच्या ओळीपर्यंत वाट पाहत राहिली. मग आवाजवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचे हात मांडीवरून उचलले गेले नाहीत.

मैदान रिकामं होताना तिच्या मनात आलं की घरी जावं आणि दिगंबरला चांगलं फैलावर घ्यावं. इतकी वर्षं खोटं गाणं ऐकवलंस म्हणून. गेटपर्यंत आल्यावर तिला आठवलं की घरी कुणी नाही.

पार्वती तिच्यामागंच चालत होती. तिला एस.टी. स्टँडवर जायचं होतं, रस्ता माहीत नव्हता. हेमलता तिला सोडायला गेली. बाकावर बसल्यावर पार्वती हलकेच शेवटचं गाणं गुणगुणायला लागली. अकॉर्डियन. भात्याच्या दमासकट.

हेमलता पदर तोंडाला लावून ऐकत राहिली.

थोड्या वेळानं पार्वती ओशाळून म्हणाली, “काकू, विचारू नये म्हणतात. पण आमच्या घरात आवाज कुणाकडंच नाही. यात शब्द काय आहेत हो?”

स्टँडवर तुरळक माणसं होती. हेमलतानं इकडंतिकडं पाहिलं. घरातलं घरातच ठेवायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

“तू धर,” ती म्हणाली.

पार्वतीनं पुन्हा सुरुवात केली. शब्दांची जागा आली तशी हेमलता या वेळी थांबली नाही. बेसूर, जसं घरी व्हायचं तसंच, तिनं म्हटलं:

“तुरीच्या रानात उभी तू, हाक माझी ऐकली ना?”

गाडी लागेपर्यंत दोघींनी सगळं गाणं जुळवलं. पार्वतीला ते फार आवडलं. पायरीवर पाय ठेवताना ती वळली आणि म्हणाली, “गायिका असंच म्हणते?”

“आमच्यात असंच म्हणतात,” हेमलता म्हणाली.

कुर्डुवाडीला आता तसंच म्हणतात.