मृदुचिन्हाची चार सेंटिमीटर जागा

कोणत्याही भाषेचं रक्षण करायला किमान दोन मंडळं लागतात. एकट्या मंडळाला वाद घालता येत नाही. टोरोंटोतल्या आमच्या बेलारूशी सभागृहात त्या रविवारी माणसं होती एकोणीस, त्यांत अध्यक्ष दोन. द्रानिकी, म्हणजे बटाट्याची धिरडी, चौसष्ट, आणि विषय एक: यादविहा आजींच्या थडग्याचा दगड.

आजी एक्याण्णव वर्षांच्या, हयात, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या. तीन महिन्यांत दृष्टी जाईल, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. त्याआधी आपला दगड आपल्या डोळ्यांनी वाचायचा, एवढीच त्यांची इच्छा. मजकूर तीन शब्दांचा: 'इथे झोपली यादविहा'. पण आमच्या लिपीत (तिची बरीच अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात, उच्चार मात्र वेगळे) 'झोपली'च्या पहिल्या अक्षरानंतर मृदुचिन्ह द्यावं की नाही, हा वाद आहे. या चिन्हाला स्वतःचा उच्चार नसतो. ते फक्त शेजारच्या अक्षराला मऊ करतं. (माणसांवर परिणाम उलटा होतो.) महायुद्धानंतर आलेल्यांचं मंडळ ते लिहितं, अलीकडे आलेल्यांचं लिहीत नाही.

बैठक इंग्रजीत झाली. प्रश्न मातृभाषेचा असल्यामुळे तो सर्वांना समजणं आवश्यक होतं.

"चिन्ह गाळलंत तर आजींचा अपमान!" जुन्या मंडळाचे अध्यक्ष कास्तुस झुक म्हणाले.

"आणि घातलंत तर व्याकरणाचा," नव्या मंडळाचे सावेन्या म्हणाले.

"अरे मेल्यांनो, मी अजून झोपले नाहीये," आजी बेलारूशीत म्हणाल्या. "मला विचारा की!"

(दुभाषी उपलब्ध नसल्यामुळे ही सूचना इतिवृत्तात आली नाही.)

उपसमितीने सात महिन्यांत तोडगा काढला: चिन्हापुरती चार सेंटिमीटर जागा कोरी ठेवायची. दोन्ही मंडळांनी विजयाची जेवणं दिली, वेगवेगळी.

दगड आला तेव्हा आजींना तो फक्त हाताला लागत होता. बोट कोऱ्या जागेत अडलं.

"वाचा रे कुणीतरी."

दोन्ही अध्यक्षांनी आळीपाळीने वाचलं. उच्चारांत फरक आढळला नाही.

"तुम्ही नका. माझ्या नातीला वाचू दे."

ही चाचणी कोणत्याही भाषेला चालते. आपल्या आजीच्या हातची चिठ्ठी घरातल्या सर्वांत धाकट्या माणसापुढे धरावी आणि घड्याळ लावावं. आमच्याकडची नोंद अशी: नात अलेस्या, वय चौतीस, पदव्या दोन. दगडावरची अक्षरं चौदा. वेळ दोन मिनिटं दहा सेकंद. ओळखलेली अक्षरं आठ. आठही इंग्रजी समजून.