पाच फुटी घोडीचं दार

मास्तरांच्या घोडेस्वारीच्या शाळेला वीस वर्षांनी छप्पर मिळणार होतं. उघड्या मैदानावरची धूळ खाऊन त्यांची छाती धरली होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, "आता छपराखाली शिकवा, नाहीतर शिकवणं सोडा." बांधकाम जावयाने अंगावर घेतलं. त्याने आजवर फक्त घरं बांधली होती. दाराची वेळ आली तेव्हा त्याने फोन केला.

"बाबा, तुमची घोडी किती उंच आहे?"

"पाच फूट," मास्तर म्हणाले.

घोड्याची उंची खांद्यापर्यंतच मोजतात, मान आणि डोकं त्याच्या वर, हे मास्तरांच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की सांगायचं राहूनच गेलं. जावयाने आपल्या परीने दीड फूट सूट सोडून दार बसवलं.

पहिल्या दिवशी मास्तर ऐटीत घोडीवर बसून निघाले, तर चौकट नेमकी छातीशी आली. लगाम ओढायच्या आतच घोडीने पाय रोवले.

जावई बघत बाजूला उभा. मास्तरांची बायको जवळ येऊन पुटपुटली, "जावयांना काही बोलायचं नाही. महिनाभर उन्हात राबलेत ते."

मास्तर निमूट उतरले. "आमच्यात उतरूनच आत जातात," ते म्हणाले. "जागेचा मान असतो."

थाप मारणं सोपं, निभावणं कठीण. बारा विद्यार्थी रोज आपापल्या घोड्यावरून दाराशी उतरायचे, आत पुन्हा चढायचे. पाऊण तास शिकवणं आणि पाव तास चढउतार. प्रत्येक घोड्याची मान वाकवायला दर खेपेला गाजर लागायचं. मास्तरांचे गुडघे कुरकुरू लागले. पालकांनाही जागेचा मान ऐकवावा लागला, तेव्हा एका आजोबांनी बूट बाहेर काढून ठेवले.

महिन्याभराने जावई आला आणि दाराशी घुटमळला.

"बाबा, राग मानू नका. दार बुटकं झालंय. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"आई म्हणाल्या, बाबांना फार आवडलंय, त्यांचं मन मोडू नका."

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. बायको चहा घेऊन येत होती.

"दोघांनाही गप्प बसवलंस होय?"

"त्या दिवशी बोलला असतात तर भांडला असतात," ती कप पुढे करत म्हणाली. "आता गुडघे दुखल्यावर कसे गोडीने बोलताय. प्या लवकर. गवंडी येतोच आहे, मी सकाळीच बोलावलाय."