तिसऱ्या मजल्यावरील दोन थेंबांची मोहीम

थोर लढायांचे वृत्तांत थोरांनी लिहिलेच आहेत. आमच्या वाट्यास तिसऱ्या मजल्यावरील एक सकाळ आली, ती जैसी घडली तैसी, भीतभीतच, सादर केली असे.

मोहिमेचे कारण ऐसे जे, पोलिओ नामे पुरातन गनीम लेकरांवर घाला घाली, चालते पाय जायबंदी करी, आणि एकवार ठाणे बसविले म्हणजे त्यास उठविणारे औषध कोण्या हकिमापाशी नाही. सबब तो येण्याआधीच तोंडावाटे दोन थेंबांची चौकी बसवावी, ऐसा आरोग्यखात्याचा हुकूम. मग लशीची पेटी खांद्यास लावून, बर्फाचा बंदोबस्त करून, खाशा सिस्टरांची स्वारी तीन जिने चढून दारी दाखल जाहली.

आत टिकलीबाईसाहेब, वय वर्षे साडेतीन, सोफ्याखाली मोर्चा धरून होत्या. मातोश्रींनी पाय ओढून बाहेर काढिल्या. तेथे सिस्टरांकडून चूक जाहली. सकाळपासून चाळीस घरे फिरून हात आपोआप चालत होता. आधी थेंब आणि मग करंगळीस शाई, हा दस्तूर उलटून शाई आधी लागली. बाईसाहेबांनी करंगळी न्याहाळली, "झालं माझं! जा आता!" ऐसे फर्मान सोडिले, आणि तोंडाचा दरवाजा अडसर घालून बंद केला. मिनतवारी जाहली, गुदगुल्या जाहल्या, दरवाजा उघडेना.

वडीलसाहेब ऑफिसच्या घाईत बूट शोधीत म्हणाले, "शाई लागलीये ना? मग कोण विचारतंय! पुढच्या वेळी देऊ."

"कोणी विचारणार नाही, तीच तर भीती आहे," सिस्टर म्हणाल्या, आणि उंबऱ्यावरच ठाण मांडिले.

तो आतून आजोबासाहेब आले. बालपणी याच गनिमाने त्यांचा डावा पाय लुटला होता. मग पायास बांधावयाच्या कॅलिपरचे लोखंड, बुटाची जाड टाच आणि रोजची नेमस्त कसरत, या कुमकेवर त्यांनी साठ वर्षे राज्य राखिले. गेले ते परत मिळाले नाही, उरले ते जाऊ दिले नाही. ते लेकास इतुकेच बोलिले, "पुढच्या वेळी, असं माझे वडील पण म्हणाले होते रे."

बुटांचा शोध थांबला.

मग आजोबासाहेब खुर्चीवर बैसले, कॅलिपरचे पट्टे सोडिले, आणि कसरत आरंभिली. तिचे आकडे मोजण्याची सुभेदारी टिकलीबाईसाहेबांकडे असे; त्या कामी त्या सख्ख्या आजोबासही माफी देत नसत. आज आजोबासाहेब स्वतःच मोजू लागले, "पाच, सहा, नऊ..." बाईसाहेबांच्या भुवया चढल्या, ओठ हलले नाहीत. "बारा, चार, वीस..." ऐसा आकड्यांवर भरदिवसा दरोडा पडता सुभेदारीस राहवेना.

"अहो आजोबा, सात कुठे गे—"

त्याच क्षणी सिस्टरांनी दोन थेंब आत उतरविले. गिळिले, थुंकिले नाहीत.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. सिस्टरांनी वहीत नोंद केली, दारावर खडूची खूण केली, आणि करंगळीवरील शाई, जी घटकाभर खोटी होती, ती खरी जाहली. पराभूत पक्षाने, "सगळं पुन्हा एकपासून!" ऐसी शिक्षा आजोबासाहेबांस फर्माविली, ती त्यांनी, जैसी एखाद्यास जहागीर मिळावी, तैसी भोगिली.