मोटारीतल्या तीन जोड्या

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, आदल्या दिवशी धनराजच्या धानगिरणीची मोटार नवी वाइंडिंग भरून चामोर्शीहून परत आली, आणि त्याच्या मायने, गुणाबाईने, लगेच तिची पूजा मांडली. पूजेआधी पुसपास आलीच. मोटारीतून निघालेल्या सहा तारांना सहा तेलकट चिठोऱ्या चिकटलेल्या दिसल्या. सोन्यासारख्या मोटारीला हा कचरा कशाला, म्हणून तिने त्या ओढून चुलीत टाकल्या आणि मोटारीला हळदकुंकू लावले. कोणती तार कुठे जोडायची, ते नेमके त्या चिठोऱ्यांवर होते.

बाहेर अर्धे गाव पोती घेऊन बसले होते. मंडईला लेकीजावई येणार, आणि जावयाला काही भाताऐवजी धान वाढता येत नाही. त्यात थ्री-फेज लाईन दुपारपर्यंतच राहणार. पलीकडच्या गावात नवी गिरणी निघाली होती. पोती ट्रॅक्टरने तिकडे न्यायची कुजबुज सुरू झाली. आज गेलेले गिऱ्हाईक उद्या परत येणार नाही, या विचाराने धनराजने घाईघाईने फोन लावला.

मोटार भरणारा शफी मिस्त्री भाचीच्या लग्नाला एटापल्लीत होता. त्याने मांडवातूनच फोनवर समजावले, की आत तीन गुंडाळ्या आहेत आणि प्रत्येकीची दोन टोके बाहेर आली आहेत. सेल आणि बल्ब लावून पाहायचे. ज्या दोन तारांवर बल्ब पेटेल ती जोडी. प्रत्येक जोडीचे डोके, म्हणजे सुरुवातीचे टोक, लायनीला जोडायचे आणि तिन्ही शेपट्या एकत्र बांधायच्या.

"पण डोकं कोणतं अन् शेपूट कोणतं, ते कसं समजन?" धनराजने विचारले.

"चालवून पाहा, धनराजभाऊ. गुरगुरली तर लगेच बंद करा. एखादी जोडी उलटी असन. एक उलटवून पाहा, नाई जमलं तर ती सरळ करून दुसरी."

जोड्या सापडल्या. त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून धनराजने अक्कल लढवली आणि चिकटपट्टीवर नावे घातली. पहिली जोडी त्याच्या मायबापाची, बापूजी-गुणाबाई. दुसरी रांगेत पुढे बसलेल्या शेजाऱ्यांची, जंगू-सोमारी. तिसरी धनराज-रीता. डोक्याला नवरे, शेपटाला बायका. हे सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे काही कारण नव्हते, पण त्याने दाखवले. त्याची बायको रीता खटक्यापाशी उभी होती.

रीताने खटका दाबला. मोटार गुरगुरली. तिने झटकन बंद केला.

उलटी जोडी म्हणजे बायकोचे चालते ती, याबद्दल रांगेला शंकाच नव्हती. बापूजीची उलटवा, असे जंगूने सुचवले आणि खुद्द बापूजींनीही मान डोलावली. उलटवली, तरी गुरगुर तीच. बापूजी ताठ बसले.

"पाह्यलं? घरात मोठा मीच हावो," ते म्हणाले. गुणाबाई पदराआड हसली.

मग ती सरळ करून जंगूची पाळी. त्याने हरकत घेतली, सोमारीने घेतली नाही. तीही जोडी उलटवून झाली. गुरगुर हटेना, आणि जंगूने मिशीवर हात फिरवला.

आता उरली एकच जोडी. धनराजला एकाएकी वाइंडिंगचाच संशय येऊ लागला. शफी येईस्तोवर थांबलेले बरे, असे तो म्हणत होता, तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला.

"लाईन जाऊन राह्यली," रीता हळूच म्हणाली. "दोन तारा तर उलटवाच्या हाय. काऊन थांबले?"

"लोक पाहून राह्यले ना."

"ते तर पोते बी भरून राह्यले ट्रॅक्टरात."

धनराजने बाहेर पाहिले, मग तारांकडे पाहिले. रीताची तार लायनीला लावली आणि स्वतःची खाली शेपट्यांत बांधली. खटका पडला, पट्टा सळसळला आणि मोटार अशी गोड चालली की ट्रॅक्टरवाल्याने आपणहून इंजिन बंद केले. कोणीही हसले नाही. धनराजला हसलेले परवडले असते.

पोती उतरू लागली. पहिले कोणाचे, म्हणून जंगूने विचारले. पण विचारताना तो धनराजच्या खांद्यावरून रीताकडे पाहत होता. मग धनराजही वळून तिच्याकडेच पाहू लागला.

"सोमारीबाईचं आना," रीता म्हणाली.

धनराजने मुकाट्याने पोते उचलले.