सांडूअण्णांचा अणू

पाठिंब्याच्या पत्रात मी संपाची नोटीस दिली. पत्र आमच्या युनियनचं होतं, पाठिंबा अणुऊर्जेला होता आणि चूक निव्वळ माझी होती. पण आधी सांडूअण्णा.

सांडूअण्णा दांडगे आमच्या युनियनचे तेव्हाचे जनरल सेक्रेटरी. मूळचे पिशोरचे, राहायला मुकुंदवाडीत. जगातल्या सगळ्या विजेकडं हा माणूस कामगार म्हणूनच बघतो. वाळूजला आमच्या कारखान्याच्या गेटसमोर टपरीवर कुणी नुसतं "लाईट गेली" म्हणालं, की अण्णा बशी खाली ठेवायचे.

"सूर्य म्हणजे फस्ट शिफ्टवाला. दिवस मावळला की कार्ड पंच करून घरी. ओव्हरटाइमला बोलवा, येतो का? वारा हा बदली कामगार. आला तर आला. कोळसा जुना माणूस, कामाला वाघ, पण छाती गेलेली. आन् पाणी? मराठवाड्यात पाणी कायम सिक लीव्हवर. अणू तेवढा पर्मनंट. तिन्ही पाळ्या, ऊन बघत नाय, पाऊस बघत नाय. नोंद घ्या."

"नोंद घ्या" हे त्यांचं पालुपद. घरी आमटीत मीठ कमी पडलं तरी ते काकूंना "नोंद घ्या" म्हणत, आणि काकू नोंद न घेता स्वयंपाकघरात निघून जात.

मी युनियनच्या ऑफिसात लिहिण्याचं काम करतो. अण्णा सांगणार, मी टाइप करणार आणि मग माझ्या स्कूटरवर मागं बसून अण्णा ते निवेदन कुणाला तरी द्यायला निघणार. 'कुणाला तरी' हे शब्दशः. शहरात कुणी मंत्री आला, की गेस्ट हाउसच्या फाटकावर शाल, नारळ आणि प्लास्टिकच्या पिशवीतलं निवेदन घेऊन आम्ही हजर. एकदा एक मंत्री कळवळून म्हणाले, "अहो, मी पशुसंवर्धनाला आहे."

"म्हणूनच आलो साहेब," अण्णा म्हणाले. "म्हशीला पंखा लागतोच की."

त्या पिशवीत आणखी एक वस्तू असायची. एक्स-रेची फिल्म. आमच्या कारखान्याच्या हेवी सेक्शनमध्ये अणुवीज केंद्रांना लागणारे मोठे व्हॉल्व्ह होत. त्यांच्या प्रत्येक जोडाचा एक्स-रे निघे, आणि टाचणीच्या टोकाएवढा डाग दिसला तरी जोड कापून पुन्हा करावा लागे. ही फिल्म सिल्लोडच्या शेख रफिक या आमच्या वेल्डरच्या पहिल्या पास झालेल्या जोडाची. अण्णा ती उन्हाकडं धरून समोरच्याला दाखवत. "बघा, कुठं डाग दिसतोय?" एका मंत्र्याच्या पीएनं घाईघाईत बघितली आणि गंभीर होऊन म्हणाला, "पेशंटला लवकर घाटी हॉस्पिटलात दाखवा."

मी खूप हसलो होतो. अण्णा हसले नाहीत. फिल्म पुसून त्यांनी परत पिशवीत ठेवली.

अण्णांना अणूचं वेड आहे असं सगळा कारखाना समजायचा. मीही समजायचो. एकदा एका कॉलेजात अणुऊर्जेच्या विरोधात भाषण होतं, तिथं अण्णा मला घेऊन गेले. बोलणारी मुलगी पंचविशीची. अण्णांनी उभं राहून सूर्याची फस्ट शिफ्ट सांगितली. पोरं खदखदली. मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, तुमच्या गावाशेजारी प्रकल्प आला तर चालेल?"

"पिशोरात आणा! माझं वावर घ्या!"

"आणि त्याला पाणी?"

अण्णा खाली बसले. परत येताना क्रांती चौकाच्या सिग्नलला मागून आवाज आला, "पाठक, पोरगी बरोबर बोलली."

"मग?"

"मग काय? कुठं बी होऊ द्या, समुद्राकाठी होऊ द्या. व्हॉल्व्ह आपल्याकडं व्हायला पायजेत. ते झाले नाय तर रफिकनं काय करायचं? बाकीच्यांनी काय करायचं?"

हेवी सेक्शनची पोरं अण्णांनीच आणलेली होती. कुणी सिल्लोडचं, कुणी फुलंब्रीचं, कुणी पिशोरचं. घरोघरी जाऊन, बापासमोर मांडी घालून, "पर्मनंट करतो, माझी जबान" असं सांगून आणलेली. आता जुनं काम संपत आलं होतं आणि नवं नाही आलं, तर सेक्शन बंद, असं मॅनेजमेंटनं तोंडी कळवलं होतं. वेड अणूचं नव्हतं. मला हे कळायला सिग्नल लागला.

आणि मग खरोखरच संधी आली. नव्या प्रकल्पाच्या व्हॉल्व्हसाठी कारखाना बघायला बाहेरून अधिकारी येणार होते. अण्णा म्हणाले, त्यांना आधीच युनियनचं पत्र जाऊ द्या. कामगार प्रकल्पाच्या बाजूनं आहेत, रात्रंदिवस काम करतील, एवढं त्यांना कळू द्या.

"आन् पाठक, ह्या खेपेला शेवट गोड करा. आपण भांडायला नाय चाललो, मागायला चाललोय."

मी मान डोलावली. नवीन पत्र शून्यापासून लिहायचं म्हणजे मला कंटाळा. मी मागच्या पगारवाढीच्या पत्राची फाइल उघडली, मधला मजकूर खोडून अणू भरला. भरला छानच. 'राष्ट्राच्या प्रगतीत वाळूजच्या कामगाराचा घाम' वगैरे. स्वतःवर इतका खूश झालो की खाली पाहिलंच नाही. खाली आमचं नेहमीचं शेपूट तसंच होतं: 'पंधरा दिवसांत समाधानकारक निर्णय न झाल्यास संघटना बेमुदत काम बंद आंदोलन छेडेल. होणाऱ्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल.' त्याखाली नेहमीसारख्याच प्रती: मॅनेजमेंट, कामगार आयुक्त, पोलीस स्टेशन.

अण्णांनी चष्मा न लावताच सही केली. "तुम्ही लिव्हलं म्हणजे मी वाचल्यासारखंच."

पहिले आले पोलीस. एक हवालदार, सभ्य माणूस. "साहेबांनी विचारायला पाठवलंय. अणू आणि परिणाम एकाच कागदात आहेत. परिणाम म्हणजे नेमके कुठले?"

ते निस्तरलं. पण अधिकारी आले नाहीत. जिथं संपाची नोटीस लागली आहे तिथं इतक्या लांब मुदतीचं काम देता येत नाही, असा दोन ओळींचा निरोप आला. मॅनेजमेंटला तेवढंच निमित्त हवं होतं. काम असंही मिळालं नसतं, असं काही जण म्हणतात. मीही म्हणतो, आणि जरा मोठ्यानंच म्हणतो.

गेट मीटिंगला अण्णा माइकसमोर उभे राहिले. हेवी सेक्शनची माणसं पुढच्या रांगेत, खाली बसलेली. अण्णा म्हणाले, "संपाची ओळ मी घालायला लावली. पाठक नको म्हणत होते. चूक माझी. मी पद सोडतो."

बोलायची वेळ ती होती. मी दहा पावलांवर होतो. मी माइकच्या वायरकडं बघत राहिलो. ती एके ठिकाणी सोललेली होती आणि त्यावर चिकटपट्टी लावायला हवी, असा विचार मी फार लक्षपूर्वक केला.

सेक्शन बंद झालं. माणसं गावोगाव गेली. मी ऑफिसात तसाच आहे, बाकीच्या सेक्शनची पत्रं लिहितो. अण्णा अजून रोज टपरीवर येतात. पिशवीत आता पोरांच्या वेल्डिंगच्या सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स असतात. ते दुसऱ्या कारखान्यांच्या गेटवर जाऊन उभे राहतात आणि दुपारी परत येतात. दुसऱ्या सेक्शनची पोरं जाता जाता ओरडतात, "काय अण्णा, आला का अणू?" अण्णा हात वर करून हसतात. ते हसणं बघून मी एका रविवारी सिल्लोडची एसटी पकडली. निदान ज्यांचं काम गेलं त्यांना तरी खरं सांगावं, म्हटलं.

रफिकचं आता रस्त्यालगत पत्र्याचं शेड आहे. ज्याच्या जोडात टाचणीएवढा डाग राहत नव्हता, तो मक्याच्या ट्रॉलीचा मागचा फाळका जोडत होता. मला बघून त्यानं तोंडावरची काच वर केली, स्टूल पुढं सरकवलं, समोर चहा सांगितला. मी एका दमात सगळं ओकून टाकलं. जुनी फाइल, शेपूट, वायर.

"म्हाइत हाय," रफिक म्हणाला.

"कधीपासून?"

"गेट मीटिंगच्या आधीपासून. अण्णांनी आम्हाला सगळ्यांना बाजूला घेतलं व्हतं. म्हणले, चूक पाठकची हाय, पण नाव मी माझं सांगणार. मधी कुणी बोललं तर माझी आण."

"पण का?"

रफिकनं काच पुन्हा खाली ओढली.

"अण्णा म्हणले, आपण काय, कुठं बी चार जोड मारून खाऊ. पाठकला लिव्हण्याबिगर काय येत नाय. आन् आता कळलं, ते बी येत नाय."